तपासले. उत्तम.

सोमवार, १६ नोव्हेंबर १९८७, खारमाळ

दिवाळीची सुट्टी संपली. शाळेचे कुलूप उघडायच्या आत संस्थेचे परिपत्रक येऊन पडले होते. 'विद्यार्थ्यांना स्वतःच्या शब्दांत लिहिते करावे.' त्यासाठी चार कृती नेमून दिल्या आहेत. शिवाय शिक्षकानेही रोज काहीतरी लिहावे, कारण जो स्वतः लिहीत नाही तो दुसऱ्याला काय शिकवणार, अशी वर मल्लिनाथी. म्हणून ही वही. ती कोणी तपासणार नाही असेही त्यातच म्हटले आहे, तेव्हा खरे लिहायला हरकत नाही.

खरे असे, की मी कमळाकर पोतनीस, वय सत्तेचाळीस, एकोणीस वर्षे मराठी शिकवतो आहे आणि त्यातली सात या खारमाळात गेली. वडखळ नाक्यावरून टेम्पो मिळाला तर टेम्पोने, नाहीतर बांधाबांधाने पायी यायचे. एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला मिठागरे, मधे शाळा. घर आणि बायको रोह्याला. शनिवारी दुपारी जातो, सोमवारी पहाटे निघून येतो. एरवी पुंडलिक पाटलाच्या पडवीतल्या खोलीत मुक्काम.

रोह्याच्या आमच्याच संस्थेच्या शाळेतली मराठीची जागा येत्या मे महिन्यात रिकामी होते आहे. आणि परिपत्रकाच्या तळाशी बारीक टायपात ही ओळ: 'ज्यांचे काम उल्लेखनीय ठरेल त्यांच्या बदलीच्या विनंतीचा सहानुभूतीने विचार करण्यात येईल.'

मुलांना लिहिते करण्याची मला एकाएकी फार तळमळ लागली आहे.

गुरुवार, १९ नोव्हेंबर

माझी आजवरची पद्धत नोंदवून ठेवतो. निबंध मी फळ्यावर लिहितो. नववीची एकतीस मुले तो उतरवून घेतात. मी वह्या गोळा करतो, समास आखलाय का पाहतो, पहिली ओळ पाहतो, शेवटची ओळ पाहतो आणि लाल शाईत 'तपासले' लिहून सही करतो. समास दोन रंगांत असेल तर 'उत्तम'. मधला मजकूर माझाच असतो. तो मीच पुन्हा कशाला वाचू? गाडीत नागोठण्याला वह्या काढल्या की पुढचे निडी स्टेशन यायच्या आत अख्खा वर्ग तपासून होतो.

आज परिपत्रकाप्रमाणे फळा कोरा ठेवला आणि सांगितले, 'माझे गाव', स्वतःच्या शब्दांत. मग एकेकाला वाचायला उभे केले. एकतीसही गावे निसर्गरम्य निघाली. प्रत्येक गावातून एक नदी झुळझुळ वाहत होती आणि नदीकाठी गर्द आमराई होती.

पोपटला विचारले, "अरे, आपल्या गावात नदी कुठं आहे?"

"सर, ती तुमच्या निबंधात हाय."

"आणि आमराई?"

"ती पन तितंच हाय."

पोपटचे निरीक्षण चांगले आहे. वर्तन सुधारले पाहिजे.

बुधवार, २५ नोव्हेंबर

कृती पहिली: 'एखादी वस्तू वर्गात आणून, तिच्याकडे बघून वर्णन लिहा.' मला फुलदाणी किंवा कंदील अपेक्षित होता. पोपटने डालड्याच्या डब्यातून जिवंत चिंबोरी, म्हणजे खाडीतला मोठा खेकडा, आणली. पंजा माझ्या मुठीएवढा. डबा टेबलावर ठेवताना आडवा झाला (की केला, याची चौकशी चालू आहे). चिंबोरी खाली उतरली आणि थेट माझ्या दिशेने निघाली.

मुले खाली मान घालून झपाट्याने लिहू लागली. एवढ्या एकाग्रतेने लिहिताना मी त्यांना पूर्वी कधी पाहिलेले नाही. कृतीचा हेतू सफल झाला असे समजायला हरकत नाही.

पुंडलिकच्या मुलीने, मैनेने, आपले लिखाण वाचून दाखवले: "चिंबोरी तिरकी चालते पण तिला कुठं जायचं ते ठाऊक असतं. सर सरळ उभे राहतात, आज खुर्चीवर राहिले."

मी सांगितले, उपमा नाही, अलंकार नाही, हे काही वर्णन नव्हे. बाकीच्या वह्यांवर सह्या केल्या. समास व्यवस्थित होते.

शनिवार, २८ नोव्हेंबर, रोहा

इंदूला परिपत्रक वाचून दाखवले. म्हटले, बहुधा मे महिन्यात कायमचा घरी येतो.

"कायमचा?" ती म्हणाली.

"कायमचा."

"रोज?"

आनंदाने माणसाला शब्द सुचत नाहीत ते असे.

बाहेरच्या खोलीत तिने शिवणाचा क्लास सुरू केला आहे. चार मुली येतात. माझे खिडकीजवळचे टेबल तिने आतल्या बोळात सरकवले आहे. उजेडाची गरज शिवणाला जास्त असते, म्हणाली. तात्पुरते आहे.

बुधवार, ९ डिसेंबर

कृती दुसरी: 'घरातील वडीलधाऱ्यांची मुलाखत.' मैनेने आपल्या आईची, काशीबाईंची, घेतली. ओटीवर. मी खोलीत होतो, मधे फक्त कुडाची भिंत.

"आये, आपल्या घरात राहनारे सर कसे हायत?"

"ह्यो प्रश्न मास्तरानं दिलाय?"

"नाय गो, माझाच हाय. सर बोलले, सोताच्या मनातलं इचारा."

"मंग लिव. मानूस गरीब हाय. भात खाली सांडत नाय. पन सात वरसं झाली तरी पिशवी खुंटीलाच. कपडे काढून फळीवर ठेवले नाय कवा. एसटीत बसल्यावानी राहतो आमच्या घरात."

"ते लिवू?"

"लिव की. ते कुठं वाचतान!"

मुलाखत हा प्रकार परिणामकारक असला तरी त्याला शिस्त हवी. खोलीत फळी आहे हे मात्र मला आजच कळले.

गुरुवार, १७ डिसेंबर

कृती तिसरी ज्याने शोधून काढली त्याला एकदा खारमाळात आणून सोडले पाहिजे. 'विद्यार्थ्याने एखादे काम कसे करावे याच्या सूचना लिहाव्यात. शिक्षकाने लिहिले आहे तेवढेच, तसेच करून दाखवावे.'

मैनेने लिहिले होते: 'मिठागर कसे बघावे.' वर्ग घेऊन पुंडलिकच्या आगरावर गेलो. ती बांधावरून वाचत होती, मी करत होतो.

"एक. बांधावर उभे राहा."

राहिलो.

"दोन. खाली उतरा."

उतरलो. तिसरी सूचना येण्याआधीच पलीकडून पुंडलिक हातातली चिखल ओढायची फळी टाकून धावत आला. "अवं मास्तर! अवं काय केलंव! चपला!"

मिठागराच्या वाफ्याचा तळ हे लोक आठ-आठ दिवस अनवाणी पायांनी ओळीने तुडवून, पाटासारखा गुळगुळीत घट्ट करतात. मग त्यात खाडीचे पाणी घेतात. चिखल थोडा जरी उखडला तरी मीठ काळे येते. माझ्या टाचेच्या चपला त्यात वीतभर रुतल्या होत्या. मी घाबरून पाय उपसला, तोल गेला, आणि बसलो. बसल्यावर जो आकार उमटला तो चपलांपेक्षा पुष्कळ मोठा होता.

"मैने, चपला काढा असं का लिहिलं नाहीस?"

"सर, ते लिवायचं असतं? ते तर सगल्यांना म्हाईत असतं."

एकोणीस वर्षांत लेखनाबद्दल मला कोणी इतके नेमके सांगितलेले नाही. अर्थात तिला मी तसे बोललो नाही. तिला म्हटले, सूचना अपुऱ्या, दहापैकी चार.

पुंडलिक शांतपणे म्हणाला, "आमच्यात ज्यानं मोडलं त्यानं तुडवायचं."

मला वाटले तो थट्टा करतो आहे.

गुरुवार, २४ डिसेंबर

तो थट्टा करत नव्हता. शाळा सुटल्यावर पाच दिवस, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, पुंडलिक, काशीबाई आणि मी एका ओळीत. उजवा पाय, डावा पाय, अर्धे पाऊल पुढे. बांधावर नववीचा वर्ग बसून सूचना देत असे. "टाच नको सर, चवडा!" "सर, घाई करू नका, पेपर तपासताव काय?"

शेवटचा शेरा पोपटचा. त्यात काही खोच आहे का याचा मी चिखलात उभा राहून बराच विचार केला.

आज पुंडलिकने तळावरून हात फिरवला आणि म्हणाला, "झाला. ह्यो कोपरा मास्तरांचा."

कोपऱ्याला माझे नाव पडले म्हणून मला काहीतरी वाटले. काय, ते नीट सांगता येत नाही. पाय दुखत होते, तेच असेल.

बुधवार, २० जानेवारी १९८८

वाफ्यांत मीठ दिसू लागले आहे. माझा कोपरा इतरांइतकाच पांढरा आहे. रोज जाता-येता पाहतो; तपासणी म्हणून.

आज कृती चौथी आणि शेवटची: अर्जलेखन. येथे मात्र मी माझ्या मुलखात आहे. नमुना म्हणून फळ्यावर माझाच बदलीचा अर्ज लिहिला, जो संस्थेला कालच टपालाने पाठवला आहे. 'विषय: रोहा येथे बदली मिळणेबाबत.' विषय, संदर्भ, कारणे, विनंती, आपला नम्र. मुले फळ्याकडे बघत राहिली. वर्ग इतका शांत होता की भाषेचा परिणाम झालेला स्पष्ट दिसत होता.

सांगितले, "आता तुम्ही लिहा. उतरवायचं नाही. अर्ज खराखुरा हवा. ज्याची खरंच गरज आहे तेच मागायचं, आणि कारण असं द्यायचं की वाचणाऱ्याला नाही म्हणता येऊ नये."

मैनेने विचारले, "कोनालाही मागितलं तर चालंल?"

"संस्थेच्या सेक्रेटरींना लिहा. मी स्वतः नेऊन देणार आहे."

"आनि तुमी वाचनार?"

"तपासल्याशिवाय मी काही देतो का?"

शनिवार, २३ जानेवारी, गाडीत

एकतीस अर्ज, सुट्या कागदांवर. पहिली ओळ सगळ्यांची बरोबर: 'माननीय सेक्रेटरी साहेब.' शेवटची बरोबर: 'आपला नम्र.' समास बहुतेकांचे दुरंगी. या वेळी हात सैल सोडला आणि एकतीसही कागदांवर लिहिले: 'तपासले. उत्तम. क. पोतनीस.' उल्लेखनीय काम दाखवायचे तर तीन-चार 'उत्तम'नी भागणार नाही. निडीच्या आत काम आटोपले. फाइलला निळी फीत बांधली.

घरी टेबल बोळातून मागच्या पडवीत गेले आहे. क्लासला आता नऊ मुली आहेत.

सोमवार, २५ जानेवारी

पेणला उतरून फाइल सेक्रेटरी हैबतरावांच्या हातात दिली. त्यांनी जाडी पाहिली, फीत पाहिली. "सगळे तपासलेत?" म्हटले, "एकूण एक." मग दुपारच्या टेम्पोने शाळेत.

वर्गात एकतीस जणांनी एकदम विचारले, "दिलेत?"

"दिले. सगळ्यांना उत्तम दिलंय."

मैना उभी राहिली. "म्हंजे तुमाला पटलं?"

"पूर्णपणे."

"मंग नक्की ना, सर?"

"नक्की."

वर्गाने टाळ्या वाजवल्या. 'उत्तम' शेऱ्याबद्दल मुले एवढी हळवी असतात याची मला कल्पना नव्हती.

शनिवार, ३० जानेवारी, रोहा

बदलीची बातमी गावात पोचलेली दिसते. निरोपाची तयारी चालू आहे. काशीबाईंनी माझ्या खोलीत नवी फळी ठोकून घेतली. जाणाऱ्या माणसाला फळी कशाला, असे विचारणार होतो, पण भावना दुखावली असती. पोपटच्या बापाने आज सकाळी सव्वा हात लांब जिताडा मासा आणून दिला. जिताडा हे लोक कोणालाही देत नाहीत. मामलेदार, जावई, फार तर डॉक्टर.

"मास्तर, लई बरं केलंव," तो म्हणाला. "पोरगा बोलला तवा आमाला खरंच वाटंना."

मला भरून आले. आपण चाललो म्हणून माणसांना एवढा आनंद होतो, यात वाईट वाटण्यासारखे काहीतरी आहे खरे. पण जिताडा ताजा होता.

इंदूने त्याचे आंबट कालवण केले. शेजारी दिले. क्लासच्या मुलींना दिले. मला डोके मिळाले.

शनिवार, ६ फेब्रुवारी, रोहा

हैबतरावांनी पेणला बोलावले होते. नवा शर्ट घालून गेलो. त्यांनी उठून माझा हात हातात घेतला. सेक्रेटरी उठून उभे राहिले म्हणजे पत्र तयारच, असे मला वाटले.

"पोतनीस, तुमचा बदलीचा अर्ज आला तेव्हा मी म्हटलं, हा आणखी एक पळणारा. आणि मग ही फाइल! अहो, एकतीस मुलं लिहितात. ऐका." त्यांनी चष्मा लावला. "'विषय: आमच्या सरांची बदली न होणेबाबत.' हा एक. दुसरा, तोच विषय. तिसरा, तोच. पहिले चार वाचले, पुढं फक्त विषय बघत गेलो. आणि प्रत्येकावर तुमच्या हातचं 'तपासले, उत्तम'! मग उमगलं मला. बदली मागितली ती घरच्या आग्रहाखातर. मन इथं. तोंडानं सांगता येईना, म्हणून मुलांच्या अर्जांवर लाल शाईत सांगितलंत. मी पण नवरा आहे, पोतनीस. कळतं मला."

"साहेब, ते..."

"रोह्याची जागा कालच दुसऱ्याला दिली. तुम्ही निर्धास्त राहा."

एक वाक्य बोलायचे होते: साहेब, मी ते वाचलेच नाहीत. तोंड उघडलेसुद्धा. पण ते वाक्य त्या एकतीस सह्यांवर थांबले नसते. एकोणीस वर्षे मागे गेले असते, वह्या-वह्यांतून. तोंड मिटले.

"गहिवरलात," हैबतराव म्हणाले. त्यांनी फाइल परत दिली. "जपून ठेवा. पुढच्या महिन्यात सगळ्या शाळांच्या शिक्षकांना वाचून दाखवायचेत. तुम्हीच वाचा."

गाडीत फीत सोडली. पहिल्यांदाच.

मैना: 'सर गेले तर त्यांचा कोपरा दर वर्षी कोण तुडवणार. नवीन सरांना चपला काढा हे पहिल्यापासून सांगावे लागेल. ह्या सरांना आता माहीत आहे.'

शांती: 'सरांना चिंबोरीची भीती वाटते तरी ते दुसऱ्या दिवशी शाळेत आले.'

कोणी लिहिले होते, सर रागावतात पण मारत नाहीत. कोणी, आमच्या शाळेत सगळे सर जाण्यासाठी येतात, एकाने तरी राहून बघावे. एकाही अर्जात नदी नव्हती की आमराई नव्हती. सत्ताविसावा पोपटचा होता. तो येथे जसाच्या तसा उतरवून ठेवतो.

'माननीय सेक्रेटरी साहेब. विषय: सर न जाणेबाबत. कारण, आमचे सर वह्या वाचत नाहीत, समास बघतात. हे मी दुसरीकडे बोललो नाही. मी आठवीत निबंधाच्या मधे माझ्या बैलाचे नाव सात वेळा लिहिले होते तरी उत्तम मिळाले. नवीन सर वाचणारे निघाले तर आमची पंचाईत होईल. वाचत नाहीत म्हणून आम्हाला मनातले लिहिता येते. हा अर्ज पण सर वाचणार नाहीत, म्हणून खरे लिहिले आहे. आपला नम्र.'

खाली माझ्या हातचे: तपासले. उत्तम.

निडी कधी गेले कळले नाही. गाडी रोह्याला थांबली, रिकामी झाली, झाडूवाला डब्यात आला, तेव्हा उठलो.

इंदूला सांगितले, बदली झाली नाही.

"अरेरे," ती म्हणाली, आणि स्वयंपाकघरात जाऊन शिरा केला. बेदाणे घालून. माझे दुःख हलके करायला बिचारी किती धडपडते! टेबल माळ्यावर चढवले आहे.

सोमवार, ८ फेब्रुवारी, खारमाळ

सकाळी आल्या आल्या पिशवी उघडून कपडे फळीवर ठेवले. काशीबाई दारातून बघून गेल्या. आज चहा एरवीपेक्षा गोड होता.

वर्गात पोपटला टेबलापाशी बोलावले आणि त्याचा अर्ज त्याच्यापुढे ठेवला. तो खाली बघत राहिला. कान लाल.

"तुमी वाचलाव?"

"वाचला."

"कवा?"

"शनिवारी."

"पन उत्तम तर त्याच्या आधीच दिलं व्हतं."

लाल पेन काढले. 'तपासले' खोडले. 'उत्तम' ठेवले, कारण एकतीसांत त्याच्याइतके पटणारे कारण दुसऱ्या कोणी दिलेले नव्हते. खोडलेल्याच्या वर लिहिले, 'वाचले', आणि आजची तारीख घातली.

त्याने ते दोनदा वाचले. "म्हंजे आता सगल्यांचंच वाचनार?"

"सगळ्यांचंच."

तो वर्गाकडे वळला. मेलेल्या आवाजात म्हणाला, "पोरांनो, आता जपून लिवायला लागंल."

"जपून लिहिलंत तर उत्तम मिळणार नाही," मी म्हटले. आणि विषय दिला: 'माझे गाव'. पुन्हा एकदा.

संध्याकाळी वह्या घेऊन पुंडलिकच्या ओटीवर बसलो. एकतीस गावे निघाली, एकाचे दुसऱ्याशी जमेना. एकात रात्रीच्या भरतीत बांध फुटल्यावर सगळे धावतात. एकात आजी मिठाची चव घेऊन वाफा कोणाचा ते सांगते. पोपटच्या गावात त्याचा बैल आहे, नाव सर्जा. मी ते मोजले, नऊ वेळा आले. मैनेच्या गावात एक मास्तर आहे, त्याच्याबद्दल काय लिहिले ते येथे लिहीत नाही.

सगळे मिळून पावणेतीन तास लागले. शेवटची वही मिटल्यावर लक्षात आले, की समास एकानेही आखला नव्हता.